बेटावर जाण्यापूर्वी वार पाहा

पुतण्या बार्बाडोसला निघाला आहे. परवा त्याने विचारले, “काका, बेटावर जाताना काय काय पाहून ठेवायचं?” आमच्या पिढीला वेस्ट इंडीजची बेटे ठाऊक झाली ती क्रिकेटमुळे. १९७१ साली वाडेकरांच्या संघाने पोर्ट ऑफ स्पेनची कसोटी जिंकली आणि आमच्या लोणी भापकरला शाळेतल्या नकाशात ते गाव शोधण्यासाठी झुंबड उडाली. मी पाय ठेवलेले बेट मात्र एकच, मुंबईजवळचे घारापुरी. पण तिथले धडे कुठल्याही बेटाला लागू पडावेत.

पहिला धडा वाराचा. मी मुंबईला बँकेत असताना आई गावाहून आली होती. मल्लिकार्जुनाच्या देवळात रोज जाणाऱ्या आईला घारापुरीचा महादेव पाहायचा होता. सोमवारी बँकेला सुटी आली, शिवाय वार शंकराचा. मोठ्या उत्साहाने आम्ही गेटवेला पोहोचलो, तर लेणी दर सोमवारी बंद! लोकांचे हिशेब पैशापर्यंत तपासणाऱ्या मला एवढी चौकशी सुचली नव्हती. आई कठड्याशी उभी राहून समुद्र पाहत राहिली. “आसू दे, पुढच्या खेपंला जाऊ,” म्हणाली. ती खेप आलीच नाही.

गेल्या हिवाळ्यात वहिनींना घेऊन गेलो, तो मात्र वार पाहून. आदल्या दिवशी मुंबईत मुक्काम केला आणि सकाळची लाँच धरली. प्रवास सुमारे तासाभराचा. लाइफ जॅकेट मागून घ्यावे आणि अंगात घालूनच बसावे. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावर प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकून अनेकांचे प्राण गेले. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँचा बंद राहतात, तेव्हा तो बेत नकोच.

धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी आगगाडी आहे. पुढे सुमारे १२० पायऱ्या. गुडघे कुरकुरत असतील तर डोली मिळते. दर आधी ठरवावा. खाऊची पिशवी हातात मिरवू नये, माकडे ती आपली समजतात. परतीच्या शेवटच्या लाँचची वेळ उतरताच विचारून घ्यावी, कारण पर्यटकांना बेटावर मुक्काम करता येत नाही.

लेण्यात शिरताच त्रिमूर्तीपुढे फोटोची घाई करू नये. डोळे अंधाराला सरावले की सुमारे वीस फूट उंचीचा तो सदाशिव हळूहळू दिसू लागतो. वहिनी खांबाशी बसल्या त्या उठेचनात. “आत्याबाईंना दिसायला हवा होता,” एवढेच म्हणाल्या. मी घड्याळ पाहिले. लाँचला अजून वेळ होता. मीही बसलो.

पुतण्याला म्हटले, “बंदीचा वार, हवामान आणि परतीची वेळ विचारून ठेव. सगळ्यांत हळू चालणाऱ्याच्या पायाने दिवस आख. आणि कुणाला सोबत न्यायचं मनात असेल, तर याच खेपेला ने.”