पंपाने हवा धरू नये म्हणून...

जुन्या गाडीची काही दुखणी मोठी लबाड असतात. गॅरेजच्या दारात गाडी उभी केली की ती नाहीशी होतात. डॉक्टरांच्या दवाखान्याची पायरी चढताच पोराचा ताप उतरावा, तसे! मिस्त्री बॉनेट उघडून कान लावतो, सपाट रस्त्यावर एक फेरी मारतो आणि ‘गाडी एकदम ओके आहे’ म्हणून मोकळा होतो. मग पुढच्याच रविवारी आंबेनळी घाटात, टाकीत पाव भागाहून कमी पेट्रोल असताना, एका लांबलचक वळणावर इंजिन दोन गचके खाते, दम सोडते आणि वळण संपताच काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा पळू लागते. मागून ट्रक येत असतो, मागच्या सीटवर मुले बसलेली असतात. ते दोन-तीन सेकंद फार मोठे असतात.

अशा वेळी पहिला संशय जातो प्लगवर, मग पेट्रोलमधल्या भेसळीवर. प्लग बदलले जातात, पेट्रोल पंप बदलून पाहिला जातो, खिसा हलका होतो आणि गचके मात्र कायम राहतात. खरे कारण पुष्कळदा अगदी साधे असते. टाकीत पेट्रोल आहे. पण त्या क्षणी ते पंपाच्या तोंडाशी नाही!

ताटात थोडीशीच आमटी उरली असेल आणि ताट किंचित तिरके झाले, तर सगळी आमटी एका कडेला धावते आणि बाकीचे ताट कोरडे पडते. गाडीच्या टाकीत हेच घडते. वेगात वळण घेताना गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या जोराने गाडी बाजूला खेचली गेली, तर टाकीतल्या पेट्रोलचा पृष्ठभाग सुमारे २७ अंशांनी कलतो. शर्यतीच्या गाडीचे चिकट टायर हा जोर दुपटीवर नेतात. तेव्हा तो कल ४५ अंशांचा होतो. टाकी भरलेली असेल तर तळ उघडा पडत नाही. पण काटा ‘रिझर्व्ह’कडे झुकलेला असेल, तर पेट्रोल ओढणारी नळी उघडी पडते आणि पंप हवा ओढू लागतो. विहिरीवर मोटर बसवलेल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. पाणी खाली गेले की पंप ‘हवा धरतो’, आणि हवा धरलेला पंप नुसताच घरघरतो.

वाटी गेली आणि दुखणे आले

गंमत अशी, की हे दुखणे आपल्या वडिलांच्या पिढीतल्या गाड्यांना फारसे जाणवत नसे. त्या गाड्यांत कार्बोरेटर होता आणि कार्बोरेटरच्या पोटात ‘फ्लोट चेंबर’ नावाची एक लहानशी वाटी होती. पंपाने ती वाटी भरत राहायची आणि इंजिनाने वाटीतून प्यायचे. पंपाने मध्येच हवेचा घोट घेतला, तरी वाटीत शिल्लक असलेल्या पेट्रोलवर वळण सहज निभावून जाई.

मग इंजेक्शन आले. फोक्सवॅगनने १९६७ मध्ये बॉशची इलेक्ट्रॉनिक पद्धत आपल्या १६०० गाडीला बसवली आणि तिथून कार्बोरेटरच्या निरोपाची तयारी सुरू झाली. आपल्याकडे १९९८ मध्ये होंडा सिटी आणि सँट्रो आल्या. पाठोपाठ, एप्रिल २००० पासून देशभर लागू झालेल्या प्रदूषणाच्या नियमांमुळे, डिकीवर ‘एमपीएफआय’ ही अक्षरे मिरवणाऱ्या गाड्या घरोघर दिसू लागल्या. इंजेक्शनने इंधन वाचले, धूर कमी झाला, थंडीत चोक ओढण्याचा रोजचा कार्यक्रम संपला. पण कार्बोरेटरबरोबर ती वाटीही गेली!

आता पंप थेट इंजेक्टरला पेट्रोल पुरवतो, तेही साधारण ३ बार दाबाने, म्हणजे आपल्या टायरमधल्या हवेपेक्षाही जास्त दाबाने. हवेचा एक बुडबुडा आला की हा दाब कोसळतो. गाडीतल्या कॉम्प्युटरला त्याचा पत्ता नसतो. तो इंजेक्टर नेहमीइतकाच वेळ उघडतो. पण त्यातून पेट्रोल कमी पडते. साध्या गाडीत याचा परिणाम गचक्यावर भागतो. मात्र टर्बो बसवलेल्या किंवा शर्यतीत धावणाऱ्या इंजिनात भर जोरात असताना पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली, तर ज्वलन बेताल होते, उष्णता वाढते आणि पिस्टनला चक्क भोक पडू शकते. शिवाय या पंपाला थंडावा आणि वंगण दोन्ही पेट्रोलच देत असते. पुन्हा पुन्हा हवा गिळणारा पंप अकालीच झिजतो.

युद्धातली वाटी

वाटी असणे बरे की नसणे, हा प्रश्न एकदा प्रत्यक्ष युद्धात, आकाशात धसाला लागला होता. १९४० मध्ये ब्रिटनच्या स्पिटफायर आणि हरिकेन विमानांत रोल्स रॉईसचे मर्लिन इंजिन होते, आणि त्याला कार्बोरेटर होता. जर्मनांच्या मेसरश्मिट १०९ मध्ये इंजेक्शन होते. जर्मन वैमानिक पाठलाग चुकवण्यासाठी विमानाचे नाक झटक्यात खाली करीत. त्याच्यामागे ब्रिटिश विमानाने नाक खाली केले की फ्लोट चेंबरमधले पेट्रोल छताकडे उसळे. आधी इंजिनाची उपासमार होई, मग झडप सताड उघडी राहून पेट्रोलचा पूर येई आणि ऐन मोक्याच्या क्षणी इंजिन दम सोडी.

यावर तोडगा काढला तो फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमधल्या बिएट्रिस शिलिंग या महिला अभियंत्याने. ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर ताशी १०० मैलांहून अधिक वेगाने मोटारसायकल हाकून सुवर्णतारा मिळवलेली ही बाई! तिने पेट्रोलच्या वाटेत भोक असलेला धातूचा एक चिमुकला तुकडा बसवला. इंजिनाला जास्तीत जास्त लागेल तेवढेच पेट्रोल त्यातून जाई, पूर येत नसे. १९४१ च्या सुरुवातीला तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी विमानतळोविमानतळी फिरून ते तुकडे बसवले. दुखणे समूळ गेले नाही, पण वैमानिकांचे प्राण वाचवण्याइतके हटले.

विमान उलटेपालटे होते, म्हणून तिथे वाटी अडचणीची ठरली. गाडी मात्र उलटी होत नाही (होऊही नये!). म्हणूनच इंजेक्शनच्या जुन्या गाडीला ती हरवलेली वाटी परत देण्याची युक्ती शर्यतीच्या जगात रूढ झाली. तिचे नाव ‘सर्ज टँक’.

हिशेब अर्ध्या कपाचा

सर्ज टँक म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, एक-दोन लिटरची, उभट, हवाबंद टाकी. आपल्याकडे नळाला पाणी ठरावीक वेळी येते म्हणून मोरीत पिंप भरून ठेवतात, त्यातलाच प्रकार. कमी दाबाचा एक पंप मोठ्या टाकीतून पेट्रोल उचलून या छोट्या टाकीत सतत ओततो. तिच्या तळातून दुसरा, जास्त दाबाचा पंप इंजिनाला पेट्रोल पुरवतो. पहिल्या पंपाने वळणावर हवा ओढली तरी ती हवा वर जाते आणि ओसंडणाऱ्या पेट्रोलबरोबर मोठ्या टाकीत परत जाते. तळाशी नेहमी पेट्रोलच राहते. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे इथे अक्षरशः खरे आहे. छोटी टाकी काठोकाठ भरलेली असते, म्हणून ती डुचमळत नाही.

एवढीशी टाकी पुरते का? हिशेब करून पाहू. १०० अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण जोरात तासाला साधारण ३० लिटर पेट्रोल पिते, म्हणजे मिनिटाला अर्धा लिटर. दहा सेकंदांचे वळण म्हणजे ८०-८५ मिलिलिटर. अर्धा कप चहाएवढे! एक लिटरची टाकी या हिशेबाने दोन मिनिटे तग धरेल.

पण यात एक मेख आहे. पंप इंजिनाच्या गरजेपेक्षा पुष्कळ जास्त पेट्रोल पुढे ढकलतो आणि उरलेले परत येते. ही परतीची नळी छोट्या टाकीतच आणून सोडली पाहिजे. ती मोठ्या टाकीत सोडली, तर ताशी १२० लिटरचा पंप एक लिटरची सर्ज टँक अर्ध्या मिनिटात रिकामी करील.

बसवताना

म्हणून या टाकीला चार तोंडे असतात. तळाशी एक, इंजिनाकडे जाणारे, वर तीन. त्यांतले एक उचलपंपाचे, एक परतीचे आणि सर्वांत उंचावरचे ओसंडण्याचे. उचलपंपाची क्षमता इंजिनाच्या जास्तीत जास्त गरजेहून अधिक हवी. त्याच्या आधी जाडसर गाळणी आणि दाबाच्या पंपानंतर बारीक गाळणी हवी.

खरी काळजी आगीची. छोटी टाकी आणि पंप प्रवाशांच्या जागेपासून धातूच्या पक्क्या आडोशाने वेगळे असले पाहिजेत. सायलेन्सरच्या पाइपाजवळ किंवा धडकेत चेपणाऱ्या भागात ते नकोत. नळ्या इंजेक्शनच्या दाबाला टिकणाऱ्याच घ्याव्यात. आज २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या रबराला ते मानवत नाही, तेव्हा नळी इथेनॉलला चालणारी आहे ना, हे विचारूनच घ्यावे. दोन्ही पंपांना वेगळा फ्यूज आणि रिले असावा, आणि इंजिन बंद पडताच किंवा धडक बसताच दोन्ही थांबतील अशी जोडणी हवी. अपघातानंतर चालू राहिलेला पंप म्हणजे आगीत तेल! आणि एक: पेट्रोलची रिकामी टाकी वेल्डिंगला कधीही देऊ नये. भरलेल्या टाकीपेक्षा रिकाम्या टाकीतली वाफ जास्त घातक असते.

सगळे जोडल्यावर इंजिन सुरू न करता फक्त पंप चालवून प्रत्येक जोड कोरड्या फडक्याने पुसून पाहावा. फडके ओले झाले, तर काम अपुरे आहे.

पण मुळात हवीच का?

आता घरातल्या मंडळींनी विचारावा असा प्रश्न. आपल्या गाडीला हे सारे हवे का? बहुतेकांना उत्तर ‘नाही’ असेच मिळेल. कंपनीने इंजेक्शनसह बनवलेल्या बहुतेक गाड्यांच्या टाकीतच आडव्या पट्ट्या किंवा पंपाभोवती एक छोटे भांडे असते. वाटी गेली म्हटले, ती खरे तर तिथे लपलेली असते. वीस-पंचवीस वर्षांनी ती भेगाळते, टाकीतली नळी तडकते, गाळणी गाळाने बुजते. तेव्हा आधी पेट्रोलचा दाब मोजावा, गाळण्या पाहाव्यात, टाकीतला पंप बाहेर काढून तपासावा. पुष्कळदा दुखणे तिथेच सापडते. आणि तोवर साधा घरगुती उपाय आहेच : घाटात जाताना टाकी निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नये.

सर्ज टँक हवी ती मूळच्या कार्बोरेटरच्या गाडीला इंजेक्शन बसवणाऱ्यांना, कारण तिच्या टाकीत ते भांडे नसते. टर्बो बसवणाऱ्यांना आणि ट्रॅकवर उतरणाऱ्यांना. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीत मनमानी बदल करू देत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते बजावले आहे. तेव्हा रस्त्यावरच्या गाडीला हात लावण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत लेखी विचारणा करावी. पंधरा वर्षांनंतर फेरनोंदणीसाठी गाडी तपासायला न्यावीच लागते. तिथे डिकीतल्या अनोळखी टाकीबद्दल प्रश्न येणारच.

सर्ज टँकच्या या साऱ्या खटाटोपातून जुन्या गाडीच्या मालकाने एक सवय मात्र जरूर उचलावी. गाडी गचका खाऊ लागली की लगेच नवे भाग विकत घेण्याआधी वहीत चार गोष्टी टिपून ठेवाव्यात : वळण डावे होते की उजवे, चढ होता की उतार, काटा कुठे होता आणि गचका किती वेळ टिकला. गचके नेहमी एकाच बाजूच्या वळणावर आणि टाकी अर्धी रिकामी असतानाच येत असतील, तर ती वही मिस्त्रीपुढे ठेवावी. सपाट रस्त्यावरच्या फेरीत न सापडणारे दुखणे त्या चार ओळींत सापडेल.