किटलीत ‘चाय’, पेल्यात ‘हेर्बाता’

चहा खुष्कीच्या मार्गाने गेला तिथे ‘चाय’ झाला, गलबतातून गेला तिथे ‘टी’ झाला, असे एक सुटसुटीत सूत्र सांगितले जाते. मकावहून समुद्रमार्गे व्यापार करणारे पोर्तुगीज ‘शा’ म्हणतात, म्हणजे ते थोडे लंगडेच. पण त्याची खरी परीक्षा स्लाव भाषांत होते.

रशियन, युक्रेनियन, बल्गेरियन, सर्बियन, चेक, स्लोव्हाक या सर्वांत शब्द एकच : ‘चाय’. त्यातला शेवटचा ‘य’ पाहा. चिनी ‘छा’ला तो नाही, फारसी, तुर्की, मंगोल रूपांत आहे. हा ‘य’ म्हणजे जमिनीवरच्या प्रवासाची जकात-पावतीच. १७२७च्या तहानंतर सरहद्दीवरच्या क्याख्ता गावात उंटांचे तांडे मंगोलिया ओलांडून चहा आणू लागले आणि तिथून माल मॉस्कोकडे जाई.

रशियाच्या शेजारचा पोलंड मात्र ‘हेर्बाता’ म्हणतो. हा शब्द लॅटिन ‘हेर्बा थेआ’, म्हणजे ‘थेआ नावाची वनस्पती’, यावरून आला. ‘थेआ’ हे फुच्येन किनाऱ्यावरच्या ‘ते’चे लॅटिन सोंग, ते डचांच्या गलबतांनी पश्चिम युरोपात नेले. म्हणजे पोलंडला चहा पश्चिमेकडून कळला, तोही औषध म्हणून, आणि लॅटिन ही तर औषधविक्यांची भाषा. तिथले अठराव्या शतकातले निसर्गअभ्यासक धर्मगुरू क्शिश्तोफ क्लुक यांना मात्र हे औषध विषाहून वाईट वाटे.

पुढे पोलंडचा मोठा भाग शंभराहून अधिक वर्षे रशियाच्या अमलाखाली राहिला. पोलिशमध्ये किटलीला ‘चाइनिक’ म्हणतात. तो शब्द सरळ रशियन. म्हणून वॉर्सातल्या स्वयंपाकघरात आजही ‘चाइनिक’मध्ये पाणी उकळते आणि ‘हेर्बाता’ होतो. बेलारशियन भाषेने तर पोलिशकडून आलेला ‘हार्बाता’ आणि ‘चाय’, दोन्ही ठेवले आहेत.

मला सर्वांत गंमत वाटते ती सर्बियाची. तिथे नुसता ‘चाय’ मागितला तर बहुधा पुदिन्याचा किंवा कॅमोमाइलचा काढा समोर येतो. आपल्या चहाला ‘रुस्की चाय’, रशियन चहा, असे नाव आहे. (आपणही ‘गवती चहा’ म्हणतोच.) उलट पोलिश माणसाला शब्दाच्या पोटातली वनस्पती आता ऐकूच येत नाही, काढा हवा असेल तर ‘हेर्बाता’ला ‘वनस्पतींचा’ असे विशेषण त्याला वेगळे जोडावे लागते.