पुलाखालचे वाफे

ऑक्टोबरात सिएटलला पावसाची पहिली मोठी सर आली की ऑरोरा पूल धुऊन निघतो. उन्हाळाभर साचलेलं तेल, ब्रेकची पूड, टायरची झीज, सगळं पन्हळीतून खाली येतं. पूर्वी ते तसंच शिप कॅनालमध्ये जायचं. आता फ्रीमाँट वस्तीच्या बाजूला ते आधी उतारावरच्या वाफ्यांत उतरतं आणि आम्ही दोघं-तिघं तिथे घमेली-फावडी घेऊन उभे असतो.

पन्हळीचं पहिलं पाणी मी बाटलीत धरते. करपलेला तवा घासल्यावर निघतं, तसलं काळं.

या भागात कोहो सॅमन मासे अंडी घालायला समुद्रातून ओढ्यांत परततात. पाऊस पडला की माद्या पोटात अंडी असतानाच तडफडून मरत, आणि कारण वर्षानुवर्षं सापडत नव्हतं. २०२० मध्ये ते कळलं. टायरचं रबर तडकू नये म्हणून त्यात ६पीपीडी हे रसायन घालतात. हवेतल्या ओझोनने त्याचं ६पीपीडी-क्विनोन होतं, आणि ते कोहोला काही तासांत मारतं. त्याच्या काही वर्षं आधी प्युऍलप शहरातल्या प्रयोगांत रस्त्याच्या पाण्यात कोहोची पिल्लं मेली होती. तेच पाणी मातीतून गाळून दिल्यावर पिल्लं जगली होती. मला या कामाकडे त्या प्रयोगांनीच ओढलं.

वाफ्यांतल्या मातीचं इथलं रूढ मिश्रण साधं असतं: ६० टक्के वाळू, ४० टक्के कंपोस्ट. विष धरून ठेवतं ते मुख्यतः कंपोस्ट. लव्हाळ्यासारख्या गवतांची मुळं माती भुसभुशीत ठेवतात आणि मुळांभोवतीचे जिवाणू तेल पचवतात. कंपोस्टचा एक दोषही आहे: नव्या वाफ्यातून सुरुवातीला फॉस्फरस वाहून जातो. म्हणून ‘जितकं जास्त तितकं चांगलं’ हा हिशेब इथे चालत नाही.

गेल्या वर्षी कुणीतरी एका वाफ्यात जड सामान उतरवलं. माती दबली, पाणी दोन दिवस तुंबून राहिलं. मला फार राग आला होता. दातेरी कुदळीने सगळं उकरून पुन्हा रोपं लावावी लागली. बाकी रोजचं काम वाफ्याच्या तोंडाशीच असतं: पाणी दगडांवर पडतं तिथे बोटभर काळा, तेलकट गाळ बसतो. तो काढला नाही तर पाणी वाफ्यात न शिरता बाजूने निघून जातं.

आज तीन घमेली गाळ निघाला. शेवटच्या वाफ्याच्या नळीखाली मी दुसरी बाटली धरली. पाणी पिवळसर, पण आरपार दिसणारं. खाली कॅनालवर पाऊस पडतच होता.