हिवतापाच्या परजीवीतील न्यूक्लिओटाइड-संतुलक विकरे

प्लाझ्मोडियम फाल्सिपेरम या हिवतापाच्या आदिजीव परजीवीत डीएनए व आरएनए यांच्या घटकांचा, म्हणजे न्यूक्लिओटाइडांचा, पुरवठा व परस्परप्रमाण राखणाऱ्या विकरांना न्यूक्लिओटाइड-संतुलक विकरे म्हणता येते. तांबड्या रक्तपेशीत शिरलेला परजीवी सुमारे ४८ तासांत साधारणपणे १६ ते ३२ नवे परजीवी निर्माण करतो. त्यामुळे त्याची न्यूक्लिओटाइडांची गरज मोठी असते.

प्रमुख विकरे

परजीवी प्युरिने स्वतः तयार करू शकत नाही. तो रक्तपेशीतील हायपोझँथिन घेतो आणि फॉस्फोरिबोसिल ट्रान्सफरेज विकराद्वारे त्याचे न्यूक्लिओटाइडात रूपांतर करतो. याउलट पिरिमिडिने त्याला मुळापासून तयार करावी लागतात. त्यातील एक टप्पा तंतुकणिकेतील डायहायड्रोओरोटेट डीहायड्रोजनेज हे विकर पार पाडते.

डीयूटीपेज हे विकर डीयूटीपीचे विघटन करून डीएनएमध्ये थायमिनाच्या जागी युरॅसिल शिरण्यास आळा घालते. या विघटनातून मिळणाऱ्या डीयूएमपीपासून थायमिडिलेट सिंथेज थायमिनाचे न्यूक्लिओटाइड बनवते. या क्रियेत फोलेट डायहायड्रोफोलेट स्वरूपात जाते व डायहायड्रोफोलेट रिडक्टेज ते पुन्हा वापरायोग्य करते. मानवात ही शेवटची दोन विकरे स्वतंत्र असतात; परजीवीत ती एकाच प्रथिनाचे भाग असतात.

औषधे व औषधरोध

पायरीमेथामिन डायहायड्रोफोलेट रिडक्टेजला रोखते, तर सल्फाडॉक्सिन फोलेटनिर्मितीतील आधीचा टप्पा अडवते. रिडक्टेजमधील १०८ व्या स्थानी सेरिनऐवजी अ‍ॅस्परजिन आल्यास पायरीमेथामिनचा प्रभाव घटतो. ५१, ५९ व १६४ या स्थानांवरील बदलांनी रोध वाढतो. भारताच्या २०१३ च्या उपचारधोरणात ईशान्येकडील राज्यांसाठी या जोडीऐवजी आर्टिमेथर-ल्युमेफँट्रिन स्वीकारण्यात आले. महाराष्ट्रासह उर्वरित राज्यांसाठी आर्टेसुनेटसोबत ही जोडी कायम राहिली.

नंदुरबार जिल्ह्यातील संदर्भ

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या आदिवासीबहुल जिल्ह्यात भिल्ल व पावरा समाजांत सिकलसेल आजार आढळतो. या रुग्णांना नव्या रक्तपेशींच्या निर्मितीसाठी फॉलिक आम्ल दिले जाते. मात्र परजीवीही फोलेट वापरू शकतो. सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिनसोबत दररोज ५ मिलिग्रॅम वा अधिक फॉलिक आम्ल घेतल्यास औषधाचा प्रभाव कमी होऊ शकतो, म्हणून गर्भवतींच्या प्रतिबंधक उपचारात जागतिक आरोग्य संघटना इतकी मात्रा टाळण्यास सांगते. सिकलसेलच्या रुग्णास हिवताप झाल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरांना चालू गोळ्यांची माहिती देणे त्यामुळे महत्त्वाचे ठरते.