अजगराचा उपास

अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये ज्यांच्या घरी बॉल पायथन आहे, त्यांच्या फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी गोठवलेल्या उंदरांचे पाकीटही असते. लालबुंद पिल्लापासून थोराड घुशीएवढ्या उंदरापर्यंत सगळी मापे दुकानात मिळतात. ऑक्टोबरपर्यंत सारे सुरळीत चालते. मग एके दिवशी अजगर समोर धरलेल्या उंदराकडे पाठ फिरवतो. पुढच्या वेळीही तेच. महिना जातो, दोन जातात, कधी कधी अख्खा हिवाळा सरतो. अजगर ठणठणीत असतो. घास गोड लागत नाही तो मालकाला.

हा अजगर पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. घाना, टोगो, बेनिन या देशांतून लाखोंनी परदेशी गेलेला. तीन ते पाच फूट लांब, जाडजूड, आणि स्वभावाने इतका भिडस्त की घाबरला तर चावण्याऐवजी डोके आत घेऊन चेंडूसारखे वेटोळे करतो. दिवस तो उंदरांच्या बिळात नाहीतर वारुळात काढतो आणि अंधार पडल्यावर बाहेर येतो. मादी अंड्यांना विळखा घालून सुमारे दोन महिने उबवत बसते आणि त्या काळात सहसा काही खात नाही. उपासाची सवय अशी रानातूनच आलेली आहे.

ती अंगाला सोसते कशी? अजगराचे पोट म्हणजे मंगल कार्यालयाचे स्वयंपाकघर. कार्य नसेल तेव्हा चुली थंड, माणसे पांगलेली. कार्य निघाले की सगळी फौज हजर. दोन जेवणांच्या मधल्या काळात त्याची आतडी आक्रसतात आणि पोटात आम्ल जवळजवळ तयारच होत नाही. शिकार गिळली की काही तासांत चित्र पालटते. बॉल पायथनच्या नात्यातल्या बर्मी अजगराचे हृदय जेवणानंतर दोन दिवसांत तब्बल ४० टक्क्यांनी वाढलेले संशोधकांना आढळले. २००५ साली ‘नेचर’मध्ये ते प्रसिद्ध झाले. दोनच वर्षांनी संशोधक मार्शल मॅक्यू यांनी बॉल पायथनसह तीन जातींचे साप सुमारे सहा महिने उपाशी ठेवले. काहींनी शरीराचा ऊर्जाखर्च ७२ टक्क्यांपर्यंत खाली आणला. गंमत म्हणजे, उपाशीपोटीही सापांची लांबी वाढत राहिली!

म्हणून जाणते पाळणारे दिवस मोजत नाहीत, वजन मोजतात. त्यासाठी स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा पुरतो. तीन महिने न जेवलेल्या प्रौढ अजगराचे वजन जवळपास तेवढेच राहिले, तर घाबरायचे कारण नाही. ते दहा टक्क्यांहून जास्त उतरले, तोंडाशी फेस आला किंवा श्वास घेताना घरघर ऐकू आली, तर मात्र सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर गाठावा लागतो. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाला इतकी सवलत नाही. त्याच्या अंगात साठाच थोडा असतो.

पण हिवाळा किंवा विणीचा काळ सोडून जेवण थांबले, तर दोष बहुधा घराचा असतो, आणि पाळणाऱ्याची खरी परीक्षा तिथेच होते. अजगराला स्वतःची ऊब तयार करता येत नाही. पेटीच्या एका टोकाला ३१-३२ अंश सेल्सियस आणि दुसऱ्या टोकाला २५-२६, म्हणजे हवे तसे सरकता येते. गरम करणाऱ्या दिव्याला किंवा गादीला थर्मोस्टॅट हवाच. तो नसल्याने पोट भाजलेले साप डॉक्टरांकडे येत असतात. हवेत ६० टक्क्यांच्या आसपास दमटपणा लागतो. थंड देशांत हिवाळ्यात घरे तापवली की हवा कोरडी पडते आणि एकसंध उतरायची ती कात तुकड्यातुकड्यांनी निघते, कधी डोळ्यावर चिकटून राहते. म्हणून तळाला नारळाच्या सोडणाचा ओलसर चुरा पसरतात. लपायला दोन खोपटी लागतात, एक उबेत, एक गारव्यात. तीही अशी अरुंद की भिंती अंगाला घासाव्यात. प्रशस्त खोपट्यात माणूस खूश होतो, हा अजगर नव्हे.

पेटीच्या मापावरून मात्र जुंपते. घाऊक पैदास करणारे कपाटाच्या खणांसारख्या डब्यांत साप ठेवतात आणि तिथे ते नीट जेवतात, असा दाखला देतात. दुसरी बाजू प्रौढ सापाला किमान चार फूट लांब, दोन फूट रुंद जागा मागते. पहिल्यांचे म्हणणे सोयीचे आहे, पण जेवला म्हणजे सुखी झाला, हा हिशेब जरा तोकडाच.

जेवण द्यायचे ते संध्याकाळनंतर. रात्रभर फ्रिजमध्ये वितळलेला उंदीर पिशवीत घालून गरम पाण्यात धरतात, कारण या अजगराच्या ओठांवर उष्णता टिपणारे खळगे असतात आणि थंड मढे त्याला शिकार वाटतच नाही. मायक्रोवेव्हमध्ये उंदीर फुटतो. तो प्रयोग करू नये. लांब चिमट्यात धरलेला उंदीर किंचित हलला की खोपट्यातून आधी जीभ लवलवते. मान नागमोडी आखडते, क्षणभर काहीच होत नाही, आणि झडप डोळ्याला दिसायच्या आत उंदराभोवती तीन विळखे बसलेले असतात. मेलेल्या उंदराला तो मनापासून आवळतो. मग सावकाश डोके शोधून तिथून गिळायला लागतो आणि शेवटी जबडा जागेवर बसवायला मोठी जांभई देतो. यानंतर दोन दिवस त्याला हातात घ्यायचे नाही, नाहीतर गिळलेले बाहेर येते. जिवंत उंदीर सोडून निघून जाणे तर फारच वाईट. भूक नसलेल्या अजगराला उंदीरच कुरतडतो.

प्रौढाला असे जेवण दोन ते चार आठवड्यांतून एकदा पुरते. लाडाने जास्त भरवलेले लठ्ठ अजगर पुष्कळ दिसतात. आणि हा पाहुणा लवकर जाणाराही नाही. सेंट लुईच्या प्राणिसंग्रहालयाला १९६१ साली एका खासगी मालकाकडून मिळालेल्या मादीने जुलै २०२० मध्ये, साठी उलटल्यावर, सात अंडी घातली. तीही पंधराहून अधिक वर्षे नराचा सहवास नसताना.

भारतात देशी अजगर पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बॉल पायथन परदेशी असला, तरी त्याच्या जागतिक व्यापारावर निर्बंध आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर आलेल्या २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्यांची नोंदणी सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. चोरवाट अर्थात चालूच आहे. डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून मुंबई विमानतळावर उतरलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटे-केकच्या पुड्यांत लपवलेले नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक सापडले.