‘व्हॅक’मध्ये फटका कुठून आला?

मारणे, आपटणे यासाठी इंग्रजीत ‘हिट’ हा साधा, कुठेही चालणारा शब्द आहे. पण पुस्तकी भाषा बाजूला ठेवून माणसं बोलायला लागली, की ‘व्हॅक’, ‘बॅश’, ‘स्मॅक’, ‘थंप’, ‘वॉलप’ अशी फौजच बाहेर पडते. यातला ‘व्हॅक’ म्हणजे जोराचा, आवाज होणारा फटका: काठीचा, बॅटचा, गुंडाळलेल्या वर्तमानपत्राचा. उशीवर हलकेच मारलेल्या गुद्द्याला सहसा कोणी ‘व्हॅक’ म्हणत नाही.

हा शब्द लिखाणात दिसू लागतो तो अठराव्या शतकात. त्याच अर्थाचा ‘थ्वॅक’ त्याहून जुना, सोळाव्या शतकातला. दोन्ही आवाजाच्या नकलेतून घडले असावेत, असं कोशकार मानतात. पुढे ‘व्हॅक’ बराच फिरला. एखादी गोष्ट करून बघणं, वाट्याला आलेला हिस्सा, गुन्हेगारांच्या बोलीत थेट खून, इतके अर्थ त्याला चिकटले. दमून गेलेला ब्रिटिश माणूस स्वतःला ‘व्हॅक्ड’ म्हणवतो.

तरी मूळ अर्थ उच्चारातच ऐकू येतो. शब्द मोठ्याने म्हणून पाहावा. ‘ॲ’साठी जबडा खाली येतो, आवाज मोकळा होतो आणि तो ऐन भरात असतानाच जिभेची मागची बाजू मऊ टाळूला चिकटून हवा अडवते. आवाज विरत नाही, तोडला जातो. काठी लाकडावर आदळते तेव्हाही हेच घडतं: एकदम उसळी आणि लगेच शांतता. ‘बॅश’, ‘स्मॅश’ यांच्या शेवटचा ‘श’ वेगळा. तिथे हवा जीभ आणि टाळू यांच्यामधल्या अरुंद फटीतून खळबळत बाहेर पडते. त्या आवाजात अनेक कंप्रता मिसळलेल्या असतात, त्यामुळे काहीतरी फुटून विखुरल्याचा भास होतो. ‘थंप’, ‘बंप’ म्हणताना ‘म’साठी ओठ मिटतात आणि आघाताची धार बोथट होते. ‘बँग’, ‘क्लँग’ यांचा अनुनासिक शेवट मात्र घुमत राहतो. मराठी कानाला ही वाटणी नवी नाही. पाठीत धपकन बसते, गालावर फाटकन, आणि पितळी भांडं पडतं ते ठणकन.

आवाजातूनच अर्थ सुचू शकतो, हे भाषाशास्त्राला पटायला वेळ लागला. शब्दाचा आवाज आणि त्याचा अर्थ यांचं नातं केवळ संकेताचं असतं, हे भाषाशास्त्रज्ञ फर्दिनां द सोस्यूर यांचं म्हणणं १९१६ साली ग्रंथरूपात आलं आणि ते विसाव्या शतकावर छाप पाडून गेलं. ध्वन्यनुकारी शब्द त्यांनी किरकोळ म्हणून कडेला ठेवले. पण २००१ मध्ये विलयनूर रामचंद्रन आणि एडवर्ड हबर्ड यांनी ‘बुबा’ आणि ‘किकी’ हे निरर्थक शब्द एका गोलसर आणि एका टोकदार आकृतीला जोडण्याचा प्रयोग मांडला, तेव्हा बहुतेकांनी ‘किकी’ हे नाव टोकदार आकृतीला दिलं. मानसशास्त्रज्ञ वोल्फगांग क्योलर यांनी १९२९ मध्येच असं काही दाखवलं होतं. २०२२ मध्ये २५ भाषांच्या भाषकांवर झालेल्या याच चाचणीत सुमारे ७२ टक्के जोड्या अपेक्षेप्रमाणे जुळल्या. तुर्की, रोमानियन आणि मँडरिन भाषकांमध्ये मात्र हा कल दिसला नाही, आणि ही नोंद मोलाची आहे. आवाजाचा ओढा खरा असला, तरी प्रत्येक भाषेच्या सवयी त्याला वळण लावतात.

‘वॉलप’ची कथा हेच सांगते. हा ‘गॅलप’चा सख्खा भाऊ, नॉर्मन फ्रेंचमधून आलेला. चौदाव्या शतकात त्याचा अर्थ होता घोड्याची दौड. नंतर तो पाण्याच्या खदखदीला लागला, आणि दणका हा अर्थ रुळला एकोणिसाव्या शतकात. जन्माने तो फटक्याची नक्कल नाही. तरी आज इंग्रजी कानाला तो जड दणक्यासारखाच ऐकू येतो.

एकाच भाषेतल्या अनेक शब्दांत मिळत्याजुळत्या अर्थासह येणाऱ्या ध्वनिगटांना भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९३० मध्ये ‘फोनेस्थीम’ असं नाव दिलं. ‘ॲक’ हा शेवट घ्या: ‘पॅक’, ‘सॅक’, ‘बॅक’ यांत फटका नाही, पण ‘व्हॅक’, ‘स्मॅक’, ‘क्रॅक’ एकमेकांना बळ देतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या बोलीतून वर आलेल्या ‘क्लॉबर’ (बदडणे) या शब्दाचं मूळ कोशांना सापडलेलं नाही. ‘क्लॅप’, ‘क्लँग’, ‘क्लॅटर’ या आवाजी शब्दांच्या शेजारी तो रुळला, यात मात्र नवल नाही.