रंगीत ज्योत आणि स्पिरिटची बाटली

ज्या अमरावतीत १९२३ साली किंग एडवर्ड महाविद्यालय, म्हणजेच पुढचे विदर्भ महाविद्यालय, स्थापन झाले, तेथे महाविद्यालयीन शिक्षणाला शतक लोटले. तथापि क्षारांच्या ज्योतीचे रंग वर्गात दाखवावयाचे तर बशीत मद्यार्क ओतून तो पेटवावाच लागतो, ही समजूत अद्यापि ऐकू येते. वस्तुतः रंगाशी मद्यार्काचा काडीमात्र संबंध नाही. तापलेल्या धातूचे अणू-रेणू घेतलेली ऊर्जा प्रकाशरूपाने परत टाकतात, सोडियमचा पिवळा तर ५८९ नॅनोमीटरच्या आसपास ठरलेला असतो, आणि त्यासाठी बन्सेन ज्योत पुरेशी आहे.

हिवाळ्यात धोका नसतो, हेही खरे नव्हे. या कामी वापरल्या जाणाऱ्या मेथॅनॉल या मद्यार्काची वाफ सुमारे ११ अंश सेल्सिअसलाच पेट घेण्याजोगी होते. अकोल्यातील पौषातली दुपारसुद्धा याहून उबदार असते, मग पंचेचाळीस अंशांच्या वैशाखाची कथा काय!

परंतु सर्वांत घातक गैरसमज निराळाच. मेथॅनॉलची ज्योत दिवसाच्या उजेडात जवळजवळ दिसत नाही. ती विझली असे मानून शिक्षक बाटलीतून आणखी द्रव ओतू लागला, की अग्नी वाफेच्या वाटेने बाटलीत शिरतो आणि पेटता द्रव पिचकारीसारखा कित्येक फूट दूर बसलेल्या मुलांवर फेकला जातो. ३ सप्टेंबर २०१४ रोजी अमेरिकेतील रीनो येथील विज्ञान संग्रहालयात मेथॅनॉलच्या प्रात्यक्षिकात तेराजण जखमी झाले, त्यांत बहुतांश बालके होती. लांब बसविले म्हणजे मुले सुरक्षित, हा भरवसा म्हणूनच फोल आहे.

यापेक्षा सोपी तजवीज अशी, की लाकडी काड्या रात्रभर क्षाराच्या संपृक्त द्रावणात भिजवाव्यात आणि एकेक बर्नरच्या ज्योतीत धरून, जळू लागण्यापूर्वी शेजारच्या पाण्याच्या चंचुपात्रात बुडवाव्यात. मीठ पिवळी ज्योत देते. संत्र्याच्या बागेत बोर्डो मिश्रणासाठी चुन्यासह वापरले जाणारे मोरचूद हिरवी देते, आणि वऱ्हाडातील बागाईतदाराच्या मुलाला ओळखीच्या द्रव्यातून रसायनशास्त्र भेटते, ही गोष्ट मला विशेष मोलाची वाटते. बेरियमचे क्षार विषारी असल्याने ते शिक्षकानेच हाताळावेत. संरक्षक चष्मा सर्वांनी लावावा.

जेथे गॅसची सोय नाही, तेथे स्पिरिटचा दिवा चालेल, मात्र तो थंड असतानाच भरावा, आणि स्पिरिटची बाटली काडी ओढण्यापूर्वी वर्गाबाहेरच्या कुलूपबंद कपाटात गेलेली असावी.